साने गुरुजींबद्दल नववीच्या पोरांना काय सांगू?

खानदेशी_मास्तर: २४ डिसेंबरला गुरुजींची जयंती. आमच्याकडे ठरलेलं असतं : हार, ‘खरा तो एकचि धर्म’ आणि कुणाचे तरी पाणावलेले डोळे. यंदा बोलायचं माझ्या गळ्यात आलंय. वर्गात जातीवरून टोमणे चालतात, व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर विचारूच नका. विरोधात असलेल्या माणसाशी गुरुजी कसे वागले, असं काही घडलेलं सांगा. उपदेश पोरं ऐकत नाहीत.

बोरीकाठची: मग पंढरपूर सांगा. विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुलं व्हावं म्हणून १ मे १९४७ पासून त्यांनी उपोषण केलं. दहाव्या दिवशी, मंदिर उघडण्याचं ठरल्यावर सोडलं.

उलटतपासणी: माफ करा, पण उपोषण हा संवाद कसा? ‘ऐका, नाहीतर मी मरतो’ म्हटल्यावर समोरचा काय बोलणार? पोरं हे विचारणारच.

बोरीकाठची: विचारू देत की! प्रश्न रास्तच आहे, दडपण होतंच. पण सगळे दहा दिवसांवरच थांबतात. उपोषणाचा निश्चय आधीच झाला होता. सेनापती बापटांसारख्या वडीलधाऱ्यांनी थांबवलं, म्हणाले आधी लोकांना विचारा. मग गुरुजी कित्येक महिने महाराष्ट्रभर हिंडले. सोबत राष्ट्र सेवा दलाची पोरं, शाहिरी. त्या दौऱ्यात कितीतरी गावांनी पंढरपूरच्या आधीच आपली देवळं, पाणवठे खुले केले. माझ्या मते खरं काम ते. आणि उपोषणाला बसले कुठे? पंढरपुरातच, वारकरी तनपुरे महाराजांच्या मठात. म्हणजे वारकऱ्यांतलेही सगळे विरोधात नव्हते, हे जरूर सांगा.

अमळनेरही विसरू नका. १९२४ ते ३० प्रताप हायस्कूलला मास्तर होते, वसतिगृहही सांभाळायचे. मुलांशी बोलायला हस्तलिखित ‘छात्रालय’ दैनिक काढायचे, रोज! आपल्याला परिपत्रक वाचायचा कंटाळा.

खानदेशी_मास्तर: झकास. भाषण रद्द. वर्गात दौऱ्यातली गावसभा भरवतो. देऊळ उघडायला विरोध करणाऱ्या पुढाऱ्याची बाजू सगळ्यात जास्त टोमणे मारणाऱ्याला देऊ का?

उलटतपासणी: नका. त्याला ती पाठच असेल. त्याला गुरुजींच्या बाजूने बोलायला लावा, आणि ज्यांना टोमणे बसतात त्यांना आधी एकटं गाठून विचारा, हा खेळ त्यांना चालेल का.