मदत हवी आहे: खो-खोचं ॲप बनवताना मुलींना आणि सरांना खरोखर सामील कसं करून घ्यायचं?

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच सांगते.

आम्ही तिघं मिळून खो-खोच्या सरावासाठी मोबाइल ॲप बनवतोय. मी शाळेत असताना खेळायचे. बाकीचे दोघे कोड लिहिणारे, २०२२ साली अल्टिमेट खो-खो ही लीग टीव्हीवर आली तेव्हा त्यांनी हा खेळ पहिल्यांदा नीट बघितला. कल्पना साधी आहे. सरावाचा व्हिडिओ घ्यायचा, आणि खांबावर वळताना अंग किती झुकलं, खो मिळाल्यावर उठायला किती वेळ गेला, हे मुलीला नंतर दाखवायचं. दादर-परळ पट्ट्यातलं एक मंडळ आम्हाला संध्याकाळच्या सरावाला येऊ देतं. मुली १२ ते १७ वयाच्या.

तांत्रिक भानगडी आहेतच. मैदान २७ बाय १६ मीटरचं. ते अख्खं फ्रेममध्ये हवं तर फोन वीसेक मीटर मागे न्यावा लागतो, आणि मुंबईत वीस मीटर मागे म्हणजे क्रिकेटची नेट नाहीतर पार्क केलेला टेम्पो. तेवढ्या लांबून दीड मीटर उंचीची मुलगी फुल एचडी व्हिडिओत जेमतेम शंभर पिक्सेलची दिसते. गूगलचं मीडियापाइप हे सॉफ्टवेअर शरीरावरचे ३३ बिंदू शोधतं खरं, पण आठ जणी ओळीने बसलेल्या असल्या की पळणारीचे पाय त्यांच्याआड जातात. शिवाय सेकंदाला ३० फ्रेम धरल्या, तर सात मीटरच्या वेगाने धावणारी खेळाडू दोन चित्रांच्या मध्ये २३ सेंटिमीटर पुढे गेलेली असते. यावर तोडगे आहेत (एकाच खांबापुरता कॅमेरा लावला की बरंच भागतं), त्यासाठी हा धागा नाही.

अडलंय ते वेगळंच. मुलींना काहीही दाखवा, उत्तर एकच: "छान आहे ताई." तेही सरांकडे एकदा बघून घेऊन. एखादी गोष्ट वापरायला किती सोपी हे मोजणारी एसयूएस नावाची दहा विधानांची जुनी प्रश्नावली आहे, ती मराठी करून दिली. त्यात विधानं आलटून पालटून सुलट-उलट असतात, म्हणजे एक "वापरायला सोपं वाटलं" तर दुसरं "उगाच किचकट वाटलं". बहुतेकींनी दहाही ठिकाणी "पूर्ण सहमत" म्हणून पाचवर खूण केली. उलट विधानांचे गुण उलटे धरतात, म्हणून त्याचा हिशेब बरोब्बर १०० पैकी ५० येतो! आमचा एक साथी हा आकडा बघून "सुधारणेला वाव आहे" म्हणाला. मी म्हटलं, अरे, कुणी प्रश्नच वाचला नाहीये.

सर म्हणतात, "तुम्ही बनवा, आम्ही वापरू." घरात फोन बहुधा एक, तो आईकडे, आणि आई कामावरून रात्री येते. म्हणजे आमचं "आजचा सराव बघा" हे नोटिफिकेशन जातं ते लोकलमध्ये उभ्या असलेल्या बाईला.

तर विचारायचं हे, की मुलींचं खरं मत बाहेर कसं काढायचं? सर आणि ॲप यांचं सांगणं वेगळं निघालं तर कुणाचं धरायचं, आणि हे ठरवायचं कुणी? त्यांच्या वेळेचा मोबदला काय द्यावा? सगळ्या १८ खालच्या आहेत. टी-शर्ट दिले तर छापलेलं नाव आमचंच, म्हणजे जाहिरातही फुकटात. जाणकारांनी कृपया लिहा.

प्रतिसाद: बॅकबेंचर

सगळीकडे ॲप कशाला? आम्ही पळून पळून शिकलो. (चिडू नका, धागा वाचतोय.)

प्रतिसाद: निरीक्षक

माझं कामच वापरकर्त्यांच्या अभ्यासाचं आहे, म्हणून थोडं सविस्तर.

पहिलं, "आवडलं का" हा प्रश्न बंद करा. पाहुण्याला कुणी आमटी खारट झाली म्हणत नाही. घडून गेलेलं विचारा: "गेल्या आठवड्यात सरांनी सांगितलेलं घरी काय करून बघितलं? कुठे? कुणी बघत होतं का?" जागा, वेळ, फोन, भाऊ मध्ये येणं, सगळं आपोआप बाहेर येतं.

दुसरं, एकेकटीला बसवू नका. मोठी आणि धाकटी अशी जोडी करा आणि मोठीला सांगा, हिला ॲप शिकव. तुम्ही गप्प बसायचं. "हे सोड, याचा काही उपयोग नाही" हे वाक्य ती तुम्हाला कधीच म्हणणार नाही, पण धाकटीला हमखास म्हणेल. मी अशा बसण्यांतून जितकं शिकलो तितकं फॉर्ममधून कधीच नाही.

तिसरं, तयार स्क्रीन दाखवू नका. गुळगुळीत पडदा दिसला की माणसाला वाटतं, झालंय सगळं, आता काय बोलायचं. वहीच्या कागदावर पेनने काढलेले चौकोन न्या आणि पेन त्यांच्या हातात द्या.

आणि चाचणीला "पाच जण पुरेत" असं कुणी तुम्हाला सांगेल. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांचा तो हिशेब वापरातल्या चुका शोधण्यापुरता आहे, तोही एका प्रकारच्या लोकांबाबत. काय बनवायचं हे त्यातून ठरत नाही. तुमच्याकडे तर मुली, सर आणि आया असे तीन प्रकार आहेत. चौथाही आहे: ज्या मुलींनी खेळ सोडला त्या. दहावीला सोडलेल्या दोघीतिघींना गाठा. मैदानावर उभं राहून त्या कधीच भेटणार नाहीत.

प्रतिसाद: खांबाजवळची

मी लालबागकडच्या एका मंडळातून बरीच वर्षं खेळले. दोन गोष्टी कुणी बोलणार नाही म्हणून मी बोलते.

सूर मारतानाचा व्हिडिओ मागून घेऊ नका. मुलगी तेरा-चौदाची असते, टी-शर्ट वर गेलेला असतो, आणि तो व्हिडिओ कुणाकुणाच्या फोनवर जाणार हे तिला माहीत नसतं. ती तुम्हाला नाही म्हणणार नाही. फक्त कॅमेरा लावलेल्या दिवशी सूर मारायचं टाळेल आणि तुमचा डेटा म्हणेल हिला सूर जमत नाही. कॅमेरा कुठे ठेवायचा हे मुलींनाच ठरवू द्या, आणि सराव संपला की क्लिपा त्यांच्यासमोर लावून नको त्या त्यांच्याच हाताने उडवू द्या. सर बाजूला हवेत तेव्हा.

दुसरं, तुम्ही मोजताय ते सोपं आहे म्हणून मोजताय. उठायला किती वेळ लागला ठीक आहे, पण खो कधी द्यायचा आणि कधी रोखून धरायचा, यावर पाठलाग उभा असतो. संरक्षणात चांगली मुलगी वेगापेक्षा हुलकावणीवर टिकते. हे कॅमेऱ्याला दिसत नसेल तर निदान ॲपमध्ये "आज कुणी कुणाला कसं फसवलं" हे बोलून ठेवायची जागा द्या. आवाजात. टाइप कोण करतंय!

प्रतिसाद: मैदानावरचा

मी शाळेत खो-खो शिकवतो. तुमच्या सरांचं "तुम्ही बनवा, आम्ही वापरू" म्हणजे "मला यात ओढू नका", हे मराठीत समजून घ्या. माझ्याकडे याआधी असेच लोक आले, फोटो काढले, गेले. राग नाही, पण मी दर वेळी सराव थांबवू शकत नाही.

आमच्या उपयोगाचं विचाराल तर आधी हजेरी. मग कुणाचा घोटा दुखतोय, कोण आठवडाभर आली नाही. सराव किती जड गेला ते ० ते १० मध्ये विचारून मिनिटांनी गुणायची एक पद्धत आहे, मी ती वहीत करतो. मुली सगळ्या पाच सांगतात, कारण आठ म्हटलं तर सर उद्या बाहेर बसवतील. तुमच्या ॲपने हा आकडा मला न दाखवता फक्त मुलीला दाखवला आणि तिने ठरवलं तरच मला कळवलं, तर कदाचित खरा येईल. माझं नुकसान आहे त्यात, तरी सांगतो.

सर विरुद्ध ॲप हा प्रश्न मला तरी सोपा वाटतो. ॲपने सूचना द्यायचीच नाही. फक्त व्हिडिओ आणि आकडा दाखवायचा, आणि खाली रिकामी जागा ठेवायची. तिथे सरांनी आपल्या आवाजात दोन वाक्यं टाकायची. नाही टाकली तर ती जागा रिकामीच राहू दे. मशीनने भरू नका.

प्रतिसाद: निरीक्षक

मैदानावरचा यांना अनुमोदन. मोबदल्याबद्दल: सरांना त्यांच्या तासांचे पैसे द्या, सरळ, ठरवून, आधी. मुलींना रोख देऊ नका. मंडळाला विचारून सगळ्यांच्या उपयोगाचं काही घ्या आणि त्यावर तुमचं नाव घालू नका. आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा वाचलात का? त्यात १८ खालचा प्रत्येक जण बालक धरलाय, पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवायला मनाई आहे. तुमचं रोजचं मोजमाप त्यात कुठे बसतं हे वकिलाला विचारा, मला विचारू नका.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. खांबाजवळची, तुमचा प्रतिसाद तिघांनी दोनदा वाचला. कॅमेरा आम्ही नेमका मागेच लावत होतो, कारण तिकडे भिंत नाही. तो आता हलणार. क्लिपा मुलींनी उडवायच्या, हेही नक्की. कोडवाल्यांपैकी एकाचं म्हणणं, मग डेटा उरेल किती? उरेल तेवढा उरेल.

सूचना काढून सरांच्या आवाजाची जागा ठेवायची, यावर अजून आमच्यात वाद चालू आहे. गुंतवणूक करू पाहणाऱ्या एका गृहस्थांना ॲपने स्वतःहून बोलायला हवंय, त्यांना "एआय कोच" असं म्हणता यायला हवंय. सरांना पुढच्या बैठकीला बोलावलं आहे, नुसतं ऐकायला नाही, नको ते काढून टाकायला. मानधन आधी ठरवून. ते "बघू" म्हणालेत.

आता एकच विचारते. पालकांचं संमतीपत्र साध्या मराठीत कुणी केलं आहे का? म्हणजे रात्री नऊला दमून घरी आलेली आई वाचेल आणि तिला नाही म्हणता येईल, असं. वकिलाकडून आलेला मसुदा सहा पानी आहे आणि त्यात "नाही"चा रकानाच नाही. असलं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.