क्वारंटाइनमध्ये ४३ फाईली पडल्यात, काय ठेवू अन् काय काढू?

झेरॉक्सवाला_सेलू
नमस्कार मंडळी. सेलूत ऑनलाइन फॉर्म अन् झेरॉक्सचं दुकान आहे. पीकविम्याच्या गर्दीत कोणाचा पेनड्राइव्ह कुठं लागायलाय ह्याचा पत्ता नसतो. काल रात्री पहिल्यांदाच विंडोजच्या अँटिव्हायरसची, म्हणजे डिफेंडरची, 'प्रोटेक्शन हिस्टरी' उघडली तर ४३ नोंदी. तिकडं डिजिटल सहीचं टोकन परवापासून चालंना. एका कॉलेजच्या पोरीचा प्रोजेक्ट पेनड्राइव्हवरून गायब, ती रडकुंडीला आलेली. सगळं रिस्टोर मारू का सगळं डिलीट? का विकतचं अँटिव्हायरस घेऊ? कोणतं घ्यावं तेही सांगा.

बीडवाला
मी तर बंदच करून ठेवलंय. मशीन पळायलंय मस्त.

गोदाकाठ
बीडवाले दादा, घरच्या मशीनवर काय करायचं ते करा. ह्यांच्या दुकानात लोकांचे आधार अन् पासबुकं स्कॅन होतात.

सेलूकर, घाई करू नका. कोरोनात पुण्या-मुंबईहून आलेल्याला गावच्या शाळेत ठेवत होते ना, तसंच हे. फाईल जागची उचलून, चालणार नाही अशी करून कुलपात ठेवलेली असते. तिथं पडून ती काही करत नाही, निकाल पुढच्या आठवड्यात लावला तरी चालतंय. बघायचं ते वेगळंच. 'रिमेडिएशन इनकम्प्लीट' किंवा 'ॲक्शन नीडेड', म्हणजे बंदोबस्त अर्धवट राहिलाय, असं एखाद्या नोंदीवर आहे का? अन् प्रत्येक नोंद उघडून 'ॲफेक्टेड आयटम्स'खाली जो पत्ता दिसतोय तो सांगा. नुसत्या व्हायरसच्या नावावरून फार कळत नाही.

झेरॉक्सवाला_सेलू
बसून उघडल्या सगळ्या. ३५ ई ड्राइव्हवरच्या, म्हणजे पेनड्राइव्ह, सगळ्या शॉर्टकट फाईली. ५ डाउनलोड्समधल्या. त्यातलीच एक 'सातबारा डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई', अन् इनकम्प्लीट तेवढीच आहे. २ जुन्या फाँट कन्व्हर्टरच्या. १ टोकनच्या ड्रायव्हरची.

गोदाकाठ
आता बोलता येतंय.

सातबारा आधी. ईएक्सई म्हणजे चालणारा प्रोग्राम, महसूल खात्याचा सातबारा ईएक्सई होऊन येत नाही. विंडोज शेवटचं एक्स्टेन्शन (फाईलच्या नावाचं शेपूट) झाकून ठेवतं, म्हणून नुसतं पीडीएफ दिसलं अन् कुणीतरी दोनदा टिचकी मारली. 'डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' लावा. मशीन रीस्टार्ट होतं अन् विंडोज पूर्ण सुरू व्हायच्या आधी तपासणी होते, साधारण १५ मिनिटं. ही फाईल चालली असं धरूनच चला. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला, बँकेचा अन् मेलचा आधी. पैसे गेलेले दिसले तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० ला फोन. मग एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' कायमचं चालू ठेवा.

टोकनचा ड्रायव्हर खोटा गजर असू शकतो. तरी रिस्टोर करू नका. टोकन बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून नवा उतरवा. तोही पकडला गेला तर मग त्यांना विचारा.

पोरीचा प्रोजेक्ट बहुतेक पेनड्राइव्हवरच आहे. हा शॉर्टकट व्हायरस खऱ्या फाईलींवर हिडन अन् सिस्टम असे दोन्ही शिक्के मारतो अन् त्यांच्या नावाचे शॉर्टकट पुढं ठेवतो. अँटिव्हायरसनं शॉर्टकट उचलले, की पेनड्राइव्ह रिकामा वाटतो. नुसतं 'हिडन आयटम्स' चालू करून भागत नाही. फोल्डर ऑप्शन्समध्ये 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टम फाइल्स'ची टिक काढा. बऱ्याचदा बिननावाच्या फोल्डरात सगळं सापडतं.

फाँटवाली_जालना
फाँट कन्व्हर्टरचं मी सांगते, कारण पत्रिकांच्या धंद्यात माझंही तेच झालंय. क्रॅक केलेला, म्हणजे लायसन्स तोडून फुकटात चालवलेला, आहे ना? खरं सांगा, इथं कुणी नावं ठेवणार नाही. लोक म्हणतात क्रॅकवर अँटिव्हायरस उगाच ओरडतं. कधी उगाचही असेल, पण क्रॅकमध्ये कुणी काय घातलंय हे तुम्हाला-मला कळत नाही. युनिकोडमध्ये बदलून देणारी फुकट साधनं आहेत, ती वापरा अन् ते दोन्ही डिलीट करा.

लातूरकर_काका
एखाद्या फाईलीची शंका असली तर व्हायरसटोटल ह्या साइटवर टाकून बघावी, साठाच्या वर इंजिनं एकदम तपासतात. एकदोघंच बोंबलले तर विचार करायला जागा आहे, चाळीस बोंबलले तर विषय संपला. पण भाऊ, गिऱ्हाइकाचं कागदपत्र तिथं कधीच टाकू नका. टाकलेली फाईल सुरक्षा कंपन्यांच्या हाती जाते.

विकतचं घ्यायचंच असेल तर आपल्या पुण्याचं क्विक हील आहे, बाहेरचीही आहेत. ते बसवलं की डिफेंडर आपोआप बाजूला होतं, मग नोंदी नव्या सॉफ्टवेअरमध्ये बघायच्या. माझ्या मते नीट अपडेट होणारं डिफेंडर तुम्हाला पुरतंय.

झेरॉक्सवाला_सेलू
प्रोजेक्ट सापडला! बिननावाच्या फोल्डरातच होता. टोकन पण सुरू झालं. ऑफलाइन स्कॅन झाला, पासवर्ड बायकोच्या फोनवरून बदलले. कन्व्हर्टर क्रॅकचाच होता ताई, काढला.

आता एक वेगळंच लचांड. ज्या सरांचा पेनड्राइव्ह सारखा पकडला जायलाय त्यांना सांगितलं, तर म्हणले, "माझ्याकडं नव्हता, तुमच्या दुकानातूनच आला." अन् उधारी पण द्यायला तयार नाहीत.

गोदाकाठ
सरांचं खरंही असेल. त्या ३५ नोंदी एकाच पेनड्राइव्हच्या का वेगवेगळ्या? वेळा बघा. दुकानात दुसरं मशीन आहे का?

झेरॉक्सवाला_सेलू
आहे, झेरॉक्सला जोडलेलं, विंडोज ७ वालं. त्यावर अँटिव्हायरस नाही. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह आधी त्याला लागतो, मग फॉर्मसाठी ह्याला. वेळा बघितल्या, रोज चारपाच, माणसं वेगळी.

गोदाकाठ
मग तिथंच आहे. विंडोज ७ चे अपडेट जानेवारी २०२० मध्येच बंद झाले. त्याचं नेट अन् पेनड्राइव्ह आजच बंद करा, फॉरमॅट होईपर्यंत प्रिंट ह्याच मशीनवरून द्या.

झेरॉक्सवाला_सेलू
सरांची उधारी सोडली. चहा पण पाजावा लागंल.

बीडवाला
ते डिफेंडर परत चालू कुठून करायचं?