एम्प्रेस गार्डनच्या प्रदर्शनात ब्रोमेलियाड घ्यायचंय, कोणतं घेऊ?

तगरवेडी: जानेवारीअखेर पुण्यात एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन असतं, तिथल्या स्टॉलवरून पहिलंच ब्रोमेलियाड (अननसाच्या कुळातलं शोभेचं झाड) घेणार आहे. बाल्कनी पूर्वेची, साडेनऊपर्यंत कोवळं ऊन, मग नुसता उजेड. बजेट ६००, कुंडीसकट. त्यातला लाल गुझमानिया मनात भरलाय. घेऊ का?

गच्चीकर: गुझमानिया नको. फूल वाटतं ती रंगीत पानं असतात. दोन-चार महिने रंग राहतो, मग मूळ रोप हळूहळू जातं, परत फुलत नाही. निओरेगेलिया घ्या, त्याची पानंच लाल. माझ्या गच्चीत हिरव्या जाळीखाली भिंतभर लावलेत, येणारा प्रत्येक जण थांबून बघतो.

कोथरूडची आजी: पानांच्या मधल्या वाटीत पाणी साचून डास होतात गं. आमच्या सोसायटीत महापालिकेची माणसं तपासणीला आली, तेव्हा ह्याच झाडांत अळ्या निघाल्या.

झाडपाला: आजी, आठवड्यातून एकदा कुंडी आडवी करून जुनं पाणी ओतून द्यायचं, ताजं भरायचं. अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, त्याआधीच अळ्या वाहून जातात.

कोथरूडची आजी: गुडघे धरलेत माझे. जड कुंड्या कोण आडव्या करणार?

दादरकर: ६०० मध्ये काय येणार? थोडं वाढवा. मी राणीबागेच्या प्रदर्शनातून पट्टेरी पानांचा व्रीसिया १८०० ला आणला. एक पैसा वाया गेला नाही. बाल्कनी कुठल्या दिशेची आहे?

गच्चीकर: पूर्वेची, वर लिहिलंय त्यांनी. १८०० मध्ये चार निओरेगेलिया येतील.

सोडणवाली: काहीही घ्या, पण नर्सरीची चिकट लाल माती असेल तर काढा, मुळं कुजतात. नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा आणि थोडं कोकोपीट पुरतं. आणि तांब्याचं औषध चुकूनही नको! सोसायटीच्या माळ्यानं सरसकट कॉपरवालं बुरशीनाशक मारलं. माझी ब्रोमेलियाडं तेवढी गेली, शेजारचा मनीप्लांट ठणठणीत. विचारलं तर म्हणे उन्हानं गेली.

नाशिकचा माळी: अननसही ब्रोमेलियाडच. बाजारातल्या अननसाचा शेंडा लावा, ६०० वाचतील.

सातारी पान: डासांचं बघा, वाटीतलं पाणी दर आठवड्याला बदला. निओरेगेलियाला मीही मत देतो.

झाडपाला: स्टॉलवर मधलं पान अलगद ओढून बघा. सुटून हातात आलं तर गाभा कुजलाय, ते रोप घेऊ नका. रंग नुकता चढत असलेलं घ्या. बुडाशी पिल्लू (फुटलेलं नवं रोप) असेल तर उत्तम. पिल्लू आईच्या निम्म्या उंचीचं होईपर्यंत कापू नका.

तगरवेडी: सगळ्यांचे आभार. लाल गुझमानियाच घेतला, ४५० ला. निओरेगेलियाही बघितले, पण मला हाच हवा होता. पान ओढून बघितलं, पक्कं आहे, बुडाशी पिल्लूही आहे. ते मोठं झाल्यावर फुलायला काही करावं लागतं का?

गच्चीकर: निओरेगेलिया घेतला असता तर हा प्रश्नच आला नसता.

झाडपाला: पिल्लाची पूर्ण वाढ झाल्यावर वाटीतलं पाणी काढा आणि पिकलेल्या सफरचंदासोबत रोप आठवडाभर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा, उन्हात नको. सफरचंदातून निघणाऱ्या इथिलीन वायूनं तुरा यायला चालना मिळते. दिसायला मात्र काही महिने जातात.