दारावर बसायला आलेले म्हणतात “रडू द्या तिला”: रडल्याने खरंच बरं वाटतं का?

तापीकाठ (जळगाव)

राम राम मंडळी. आपल्याकडे कुणी गेलं की दारावर (सांत्वनाला) येणाऱ्या बायांचं एक वाक्य ठरलेलं असतं, “रडू द्या तिले, मन हलकं व्हई जाई.” जी रडत नाही तिला मुद्दाम रडवतात. गेलेल्या माणसाचा चष्मा, टोपी तिच्यासमोर आणून ठेवतात. नाही रडली तर “दुःख छातीत बसेल” म्हणतात. यात तथ्य किती? रडण्याने शरीरातली घाण बाहेर जाते असं व्हॉट्सॲपवर फिरतं, ते खरं का? आणि गंधमुक्तीपर्यंत (सुतक फिटण्याच्या विधीपर्यंत) दिवसदिवस रडून बाया चक्कर येऊन पडतात, दातखिळी बसते, तेव्हा नेमकं काय करावं? जाणकारांनी सविस्तर सांगावं. नुसतं “डॉक्टरांना दाखवा” नको.

कांदापात (धुळे)

डोळ्यांच्या बाजूने सांगतो. मनाचं इतरांनी सांगावं.

भुवईच्या बाहेरच्या टोकाखाली, हाडाच्या खोबणीत बदामाएवढी अश्रुग्रंथी असते. डोळ्यात पाणी तीन कारणांनी येतं. एक कायमचं, डोळा ओला ठेवणारं. दुसरं धूर, कांदा, कचरा यांनी येणारं. तिसरं भावनेचं. कायमचं पाणी फार थोडं असतं, एका डोळ्यात ७ ते १० मायक्रोलिटर. त्याचेही थर असतात. बुबुळाला चिकटून चिकट श्लेष्मा, मध्ये पाणी आणि वर तेलाची साय. ही साय पापणीच्या कडेच्या बारीक ग्रंथींतून येते आणि पाणी उडून जाऊ देत नाही. पाण्यात लायसोझाइम नावाचं जंतू फोडणारं द्रव्य असतं. अलेक्झांडर फ्लेमिंगने ते १९२२ मध्ये जगापुढे मांडलं, पेनिसिलिनच्या सहा वर्षं आधी. प्रयोगाला अश्रू मिळावेत म्हणून तो लोकांच्या डोळ्यात लिंबू पिळायचा!

आता मोरी. आरशासमोर उभे राहा आणि खालची पापणी नाकाच्या बाजूला किंचित बाहेर ओढा. कडेवर टाचणीच्या टोकाएवढं छिद्र दिसेल. वरच्या पापणीलाही तसंच असतं. पाणी तिथून अश्रुपिशवीत आणि पुढे नळीने नाकात उतरतं. रडताना नाक वाहतं ते त्यामुळे, बराचसा शेंबूड म्हणजे अश्रूच. मोरीला पेलवेना इतकं पाणी आलं की मग गालावर ओघळतं.

कांदा आणि दुःख यांचा फरक इथे कळतो. कांदा चिरला की त्याच्या पेशी फुटतात, त्यातली विकरं (एन्झाइम) एकमेकांत मिसळतात आणि गंधकाचा एक वायू सुटतो. तो वायू बनवणारं खास विकर जपानी संशोधकांनी २००२ मध्ये शोधलं. वायू बुबुळाला लागला की पाचव्या मज्जातंतूतून मेंदूच्या देठाकडे निरोप जातो आणि सातव्या मज्जातंतूच्या वाटेने ग्रंथीला हुकूम येतो. दुःखात हुकूम मेंदूच्या भावनेच्या भागातून सुटतो, शेवटचा टप्पा मात्र तोच. म्हणून पाचवा मज्जातंतू बधिर झालेल्या माणसाला कांद्याने पाणी येत नाही, पण वाईट बातमीने येतं.

(जाता जाता: कांदा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, विळी-सुरीला धार असू द्या, मुळाकडचा भाग शेवटी कापा. तोंडात काडी धरण्याचा फारसा उपयोग नाही.)

“घाण बाहेर जाते” याबद्दल. विल्यम फ्रे या अमेरिकन संशोधकाला १९८१ मध्ये भावनेच्या अश्रूंत कांद्याच्या अश्रूंपेक्षा प्रथिनं जास्त आढळली. त्यावरून त्याने अंदाज बांधला की ताणाची द्रव्यं अशी बाहेर पडत असावीत. अंदाज तिथेच राहिला, सिद्ध झाला नाही. साधा हिशोब करा. ओक्साबोक्शी रडून चमचा भरणं मुश्कील, त्यातलं बरंचसं नाकातून पुन्हा पोटात जातं. मूत्रपिंडं रोज १८० लिटर द्रव गाळतात. शरीराची घाण काढण्याचं काम त्यांचं आहे, डोळ्यांचं नाही.

दादरची_भाकर (भुसावळ)

“मन हलकं होतं” हे अर्धं खरं. तीन हजारांहून अधिक रडण्याच्या प्रसंगांचा एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेकांना रडल्यावर बरं वाटलं होतं, पण साधारण एक तृतीयांश जणांना काही फरक पडला नाही आणि दहातल्या एकाला उलट वाईट वाटलं. बरं कुणाला वाटलं? ज्यांच्या जवळ त्या वेळी कुणी आधार देणारं होतं त्यांना. चारचौघांत लाज वाटून रडू कोंडलं गेलं, किंवा रडणाऱ्यालाच कुणी झापलं, की फायदा गेला.

वेळेचंही गणित आहे. २०१५ च्या एका प्रयोगात ६० जणांना दुःखी चित्रपट दाखवले. रडलेल्यांचा मूड लगेच आणखी उतरला, २० मिनिटांनी पूर्ववत झाला आणि ९० मिनिटांनी आधीपेक्षाही बरा निघाला. म्हणून रडणं थांबल्या थांबल्या “आता बरं वाटतंय ना?” विचारण्यात अर्थ नाही. पाणी द्या, शेजारी बसा, तासभर जाऊ द्या.

आता मुद्दाम रडवण्याचं. न रडणं हा आजार नाही. कुणी सुन्न असतं, कुणाला घरचं सगळं निस्तरायचं असतं, कुणी रात्री एकटं रडतं. काही औषधांनीही रडू आटतं. नैराश्याच्या काही गोळ्या चालू असतील तर डोळे भरून येतात पण रडू फुटत नाही, अशी तक्रार नेहमीची आहे. त्या बाईला “दगडाच्या काळजाची” म्हणणं हा अन्याय आहे. चष्मा समोर ठेवून रडवल्याने दुःख लवकर निवळतं याला आधार नाही. ती आपणहून चष्मा मागेल तेव्हा द्या.

लक्ष कधी ठेवायचं? सहा महिने उलटले तरी रोजची कामं, जेवण, झोप जाग्यावर आली नाही, गेलेल्याची ओढ पहिल्या आठवड्याइतकीच तीव्र राहिली, तर तज्ज्ञाला भेटा. कारण नसताना रडू येणं, कशातच रस न वाटणं, झोप उडणं हे दोन आठवडे सलग चाललं तर ते नैराश्य असू शकतं. बाळंतिणीला तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रडू येणं अगदी नेहमीचं, दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढे लांबलं किंवा बाळाविषयी मनात भलतंसलतं येऊ लागलं तर थांबू नका. “जगण्यात अर्थ नाही” असं कुणी बोलून दाखवलं तर त्याच क्षणी १४४१६ ला फोन लावा. ही टेलि-मानस सरकारी सेवा आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

एक वेगळाच प्रकार इथे नोंदवतो, कारण घरचे त्याला नाटक समजतात. लकव्याचा झटका येऊन गेलेला माणूस टीव्हीवरच्या साध्या प्रसंगालाही हुंदके देऊन रडतो, अर्ध्या मिनिटात थांबतो आणि स्वतःच ओशाळतो. मनात दुःख तेवढं नसतं, मेंदूचा लगाम सुटलेला असतो. यावर गोळ्या आहेत. न्यूरोचा डॉक्टर असेल तर त्याला हेच शब्द सांगा.

दादरची_भाकर (भुसावळ)

दातखिळीचं राहिलं. मोठ्याने आक्रोश करताना श्वास उथळ आणि भराभर होतो. रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मग तोंडाभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, बोटं वाकडी होऊन ताठतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. ही अंगात आलेली नाही आणि सोंगही नाही.

भोवतालची गर्दी मागे करा, पंखा लावा, तिला कुशीवर निजवा, पदर-ब्लाउज सैल करा. दातात चमचा घालू नका (दात तुटतो, नाहीतर तुमचं बोट जातं), चप्पल-कांदा हुंगवू नका, तोंडावर कागदी पिशवी धरू नका. शुद्धीवर असेल तर तिच्यासोबत मोजा, चार आकडे होईतो नाकाने श्वास आत, सहा आकडे होईतो तोंडाने बाहेर. पाच-दहा मिनिटांत बोटं सुटतात. पूर्ण शुद्ध येईपर्यंत तोंडात पाणी ओतू नका.

मे महिन्यात ४४-४५ अंशांत मांडवाखाली सकाळपासून निरंकार बसवलेली, बीपी-शुगरची गोळी चुकलेली बाई पडते तेव्हा कारण नुसतं रडणं नसतं. घरातल्या एकाने फक्त तिच्या गोळ्या आणि पाण्याकडे बघायचं ठरवा. शुगर असेल तर ग्लुकोमीटरवर तपासा, ७० च्या खाली आणि शुद्ध पूर्ण असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून.

पण छातीवर दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, दम यातलं काही असेल तर “रडून रडून झालं” म्हणू नका, १०८ बोलवा. मोठ्या धक्क्याने हृदयाचा डावा कप्पा तात्पुरता फुगून ढिला पडतो असा आजार आहे, जपानी डॉक्टरांनी त्याचं पहिलं वर्णन केलं. बहुतेक रुग्ण पाळी गेलेल्या बाया असतात. लक्षणं हार्ट अटॅकसारखीच, बाहेरून फरक कळत नाही, ईसीजी लागतोच. “दुःख छातीत बसतं” यात जे खरं आहे ते एवढं. मात्र ते धक्क्याने होतं, न रडल्याने नव्हे.

निंबोळी (शहादा)

दादरची_भाकर यांच्या उत्तराला जोड. आयुर्वेदात चरकांनी जे १३ वेग (शरीराच्या नैसर्गिक ऊर्मी) अडवू नयेत म्हणून सांगितले त्यात अश्रूंचा वेग आहे. तो अडवल्याने सर्दी, डोळ्यांचे विकार, हृद्रोग, अरुची, भोवळ होते असं त्यांचं मत. उपाय म्हणून झोप, मद्य आणि आवडत्या गप्पा सांगितल्या आहेत. (मद्याचं आपापलं बघा.) गावातल्या बाया याच्याच आधाराने बोलतात. पण आयुर्वेदाचे नंतरचे ग्रंथकार वाग्भट यांचं वाक्य कुणी सांगत नाही: वेग अडवल्याने जसे रोग होतात तसेच वेग बळेच आणल्यानेही होतात. म्हणजे आलेलं रडू थोपवू नका, न आलेलं ओढून आणू नका. दारावर बसणाऱ्यांना हे पटतं, ग्रंथातलं आहे म्हटल्यावर आणखी पटतं.

अंगणवाडीचा_पाळणा (साक्री)

मोठ्यांचं झालं, लहानांचंही येऊ द्या. बाळ जन्मल्यावर पहिले काही आठवडे कोरडंच रडतं, त्यात काळजीचं काही नाही. पुढे मात्र अश्रू हा पाण्याचा मीटर आहे. जुलाब लागलेलं सात-आठ महिन्यांचं मूल रडतंय आणि डोळ्यात पाणी नाही, तोंड कोरडं, टाळू खोल, सहा-आठ तास शू नाही, पोटाची चिमटी सोडल्यावर कातडी हळू बसते, यातली दोन लक्षणं जरी असली तरी दवाखाना. वाटेत ओआरएस चालू ठेवा. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, संपूर्ण. अर्धं पाकीट अंदाजाने घातलं की मीठ-साखरेचं प्रमाण बिघडतं. दोन वर्षांखालच्या मुलाला दर जुलाबानंतर ५० ते १०० मिली, चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. तयार केलेलं पाणी २४ तासांनी फेकून द्या.

उलट प्रकार, बाळाचा एक डोळा सतत पाणावलेला आणि सकाळी चिकटलेला. बहुतेक वेळा नाकात उतरणाऱ्या नळीच्या टोकावरचा पडदा उघडलेला नसतो. नख कापून, हात धुऊन, करंगळी डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यावर ठेवा, हलका दाब द्या आणि नाकाच्या कडेने खाली सरकवा. एका वेळी पाच ते दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. नुसतं वरवर चोळून काही होत नाही, पिशवीवर दाब पडायला हवा. दहांपैकी नऊ बाळांचा वर्षभरात सुटतो. कोपरा लाल होऊन सुजला, ताप आला तर मालिश बंद आणि त्याच दिवशी दवाखाना. बुबुळ मोठं किंवा धुरकट दिसत असेल, बाळ उजेडाला डोळे मिटत असेल तर तो काचबिंदू असू शकतो, थांबायचंच नाही. आणि काजळ नको. पुष्कळ काजळ-सुरम्यांत शिसं सापडलं आहे. नजर लागू नये म्हणून तीट लावायची तर तळपायाला लावा.

तापीकाठ (जळगाव)

सगळ्यांचे आभार. निंबोळीताई, वाग्भटांचं वाक्य घरी वाचून दाखवतो. कांदापात दादा, एक शेवटचं. नंदुरबारला पथारीवर (मिरची वाळवायच्या मैदानावर) मिरची निवडणाऱ्या बायांच्या डोळ्यांतून दिवसभर पाणी गळतं. त्या म्हणतात “डोया धुवाई जातस, चांगलंच शे.” मेडिकलवरून थेंब आणतात. चालेल का?

कांदापात (धुळे)

धुतलं जात नाही, भाजतं. मिरचीचं तिखट तेलात विरघळतं, पाण्याने सहजी निघत नाही. डोळ्यात गेलं तर चोळू नका, स्वच्छ पाण्याची बारीक धार १५ मिनिटं सोडा. दूध, तूप, गुलाबपाणी डोळ्यात घालू नका. हातांना मात्र आधी गोडेतेल चोळा, मग साबण. तेल न लावता हात धुऊन डोळ्याला लावला की संध्याकाळी पुन्हा तोच तमाशा. डोळ्यांना झाकणारा चष्मा आणि नाकावर ओला रुमाल हवाच.

दुसरं, रोज पाणी गळणाऱ्या डोळ्यांतले पुष्कळ डोळे खरं तर कोरडे असतात. तेलाची साय बिघडते, बुबुळ टोचतं, मग ग्रंथी घाबरून पाणी सोडते आणि ते टिकत नाही. सरकारी दवाखान्यात कागदाची पट्टी पापणीत अडकवून पाच मिनिटं बसवतात. पट्टी पाच मिलिमीटरपेक्षा कमी भिजली तर डोळा फारच कोरडा. घरी दिवसातून दोनदा कोमट कापड मिटलेल्या पापण्यांवर ५ ते १० मिनिटं धरा, मनगटावर सोसवेल इतकंच गरम.

थेंबांबद्दल: बाटलीवर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन किंवा बीटामेथासोन (ही स्टेरॉइडं) लिहिलं असेल तर परत करा. लाली एका दिवसात जाते म्हणून लोक वर्षभर घालतात आणि काचबिंदू, मोतीबिंदू घेऊन येतात. कृत्रिम अश्रूंचे थेंब चालतात. एका वेळी एकच थेंब. थेंब सुमारे ४० मायक्रोलिटरचा, डोळ्यात जेमतेम २०-३० मावतं, दुसरा थेट गालावर. घातल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा एक मिनिट दाबून धरा, नाहीतर औषध मोरीतून घशात उतरतं आणि तोंड कडू होतं. दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं. बाटली फोडल्याची तारीख लेबलवर पेनने लिहा, महिनाभराने उरलेली टाकून द्या.