शब्दचर्चा : देवदूतांमधले 'व्हर्च्यूज' म्हणजे सद्गुण का?

अर्धविराम :
एका मराठी प्रवासवर्णनाचे हस्तलिखित सध्या माझ्याकडे संपादनासाठी आले आहे. फ्लॉरेन्सच्या बाप्टिस्टरीच्या, म्हणजे बाप्तिस्मा देण्याच्या इमारतीच्या, घुमटात तेराव्या शतकात सुरू झालेले मोझेकचे काम आहे. त्याच्या अगदी वरच्या पट्ट्यात देवदूतांचे निरनिराळे वर्ग दाखवले असून त्यांची लॅटिन नावेही तिथेच लिहिली आहेत. लेखकांनी इंग्रजी माहितीपुस्तिकेच्या आधारे त्यांना 'देवदूतांचे नऊ गायकवृंद' म्हटले आहे आणि पुढे असे वाक्य लिहिले आहे : 'सिंहासने, आधिपत्ये आणि सद्गुण पंख पसरून उभे आहेत.' मी 'गायकवृंद' आणि 'सद्गुण' या दोन शब्दांखाली रेघ ओढली, तेव्हा त्यांनी शब्दकोशच माझ्यापुढे उघडून ठेवला. 'क्वायर' म्हणजे गायकवृंद आणि 'व्हर्च्यू' म्हणजे सद्गुण, हे दोन्ही अर्थ कोशात आहेत, त्यामुळे मला गप्प बसावे लागले. तरीही पंख पसरून उभा असलेला सद्गुण काही केल्या माझ्या डोळ्यांपुढे येत नाही. जाणकारांनी योग्य शब्द सुचवावेत.

यास्कसेवक :
अर्धविरामताई, आपण ओढलेली रेघ अगदी बरोबर आहे. या वर्गाचे ग्रीक नाव 'द्युनामेइस' आहे, म्हणजे सामर्थ्ये किंवा शक्ती. त्याच शब्दाच्या कुळात पुढे 'डायनॅमो' आणि 'डायनामाइट' हे शब्द झाले. लॅटिनमध्ये त्याचे 'विर्तुतेस' झाले आणि तोच शब्द घासून इंग्रजीत 'व्हर्च्यूज' झाला. लॅटिन 'विर्तुस' हा 'विर' म्हणजे पुरुष या शब्दावरून आला आहे, आणि तो 'विर' म्हणजे आपल्या 'वीर' शब्दाचा सख्खा भाऊ आहे. पुरुषाचे जे पुरुषपण, पराक्रम, अंगातले तेज, ते 'विर्तुस'. नीतिमत्तेचा अर्थ त्याला नंतर चिकटला. तेव्हा मराठीत या वर्गाला एकच नाव शोभते आणि ते म्हणजे 'वीर्य'. व्युत्पत्ती तीच आणि अर्थही तोच; इतका तंतोतंत प्रतिशब्द अनुवादकाला जन्मात एखाद्याच वेळी सापडतो.

जुना मुद्रितशोधक :
सापडलेला शब्द खिशात ठेवावा, छापू नये. मी चाळीस वर्षे मुद्रिते तपासली आहेत. एका शालेय पुस्तकात 'आपले वीर्यशाली पूर्वज' असा शब्दप्रयोग होता आणि मी तो निमूटपणे पुढे जाऊ दिला, कारण तो शुद्ध होता. पुस्तक वर्गात गेल्यावर त्या पानावर काय झाले ते एका शिक्षिकेने मला पत्राने सविस्तर कळवले. पुढच्या आवृत्तीत 'पराक्रमी' आले. शब्दाचा अर्थ वाचकाच्या कानात ठरतो, निरुक्तकार यास्कांच्या घरी नव्हे. फ्लॉरेन्सच्या घुमटाखाली उभे राहून 'वरच्या पट्ट्यात वीर्ये आहेत' असे सांगण्याचे धैर्य ज्यांच्यात असेल त्यांनी ते अवश्य सांगावे.

यास्कसेवक :
विनोद झाला, पण त्याने मुद्दा खोडला जात नाही. आयुर्वेदात रस, वीर्य आणि विपाक हे शब्द आजही रोज वापरले जातात. एखादे द्रव्य शीतवीर्य आहे की उष्णवीर्य, हे वैद्य सांगतात तेव्हा कोणी हसत नाही. आणि इंग्रजीतही जुन्या वनस्पतिग्रंथांत औषधीच्या अंगच्या गुणाला 'व्हर्च्यू' हाच शब्द आहे. म्हणजे दोन्ही भाषांत हा शब्द वीरापासून निघून वनस्पतीपर्यंत पोचला आहे. एका अर्थाने तो घसरला म्हणून बाकीचे सगळे अर्थ आपण टाकून द्यायचे का?

होकायंत्र :
टाकून कोणी देत नाही, ते आपोआप सांडतात. हिब्रूतलेच उदाहरण घ्या. बायबलमधल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या दर्शनात 'हश्माल' नावाचा एक झळाळता पदार्थ आहे. यहुदी परंपरेत त्यावरून 'हश्मलीम' नावाचा देवदूतांचा एक वर्गच झाला, आणि बाराव्या शतकातल्या मायमोनिदीस या यहुदी पंडिताच्या दहा वर्गांच्या यादीत तो चौथा आहे. आजच्या हिब्रूत 'हश्माल' म्हणजे वीज. विजेच्या बिलातली वीज. इस्राएलमधला कोणीही माणूस तो शब्द ऐकून आधी बटणाकडे पाहील, देवदूताकडे नव्हे. वीर्याचेही तेच झाले आहे. जाता जाता सांगतो, त्याच यादीत सराफीम पाचवे आणि करूबीम नववे आहेत, तर ख्रिस्ती यादीत हेच दोघे पहिले आणि दुसरे आहेत. म्हणजे बढत्या-बदल्यांचा घोळ स्वर्गातही आहे.

वसईची वाचक :
आमच्या घरी मराठी पवित्र शास्त्राचे वाचन होत आले आहे, म्हणून चार गोष्टी सांगते. 'करूबीम', 'सराफीम' आणि 'आद्यदेवदूत' हे शब्द मराठी ख्रिस्ती वाचकाच्या कानाला पूर्ण सरावाचे आहेत. त्यांना नवे प्रतिशब्द शोधण्याची कोणालाही गरज नाही. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात एदेन बागेच्या राखणीला करूबीम आहेत आणि यशयाच्या सहाव्या अध्यायात सहा-सहा पंखांचे सराफीम आहेत. मधल्या वर्गांची नावे प्रेषित पौलाच्या पत्रांतून, मुख्यतः कलस्सैकरांस आणि इफिसकरांस लिहिलेल्या पत्रांतून घेतली गेली. परंतु नऊ वर्गांची क्रमवार यादी शास्त्रात एका ठिकाणी कुठेच नाही. ती इसवी सन ५०० च्या आसपास ग्रीकमध्ये लिहिणाऱ्या एका लेखकाने जुळवली. त्याने स्वतःला अथेन्समध्ये पौलाचा शिष्य झालेला दिओनिसियस म्हणवून घेतले आणि जवळजवळ हजार वर्षे लोकांनी ते खरे मानले. त्याने तीन-तीनांचे तीन थर केले : सराफीम, करूबीम व सिंहासने, मग आधिपत्ये, हे वादग्रस्त 'विर्तुतेस' व सत्ता, आणि शेवटी अधिराज्ये, आद्यदेवदूत व देवदूत.

पोप पहिले ग्रेगरी यांनी मात्र सहाव्या शतकाच्या अखेरीस दिलेल्या प्रवचनात 'विर्तुतेस' आणि अधिराज्ये यांची अदलाबदल केली, त्यामुळे त्यांच्या क्रमात 'विर्तुतेस' वरून सातवे येतात. दान्तेने 'पारादिसो'च्या अठ्ठाविसाव्या सर्गात दिओनिसियसची बाजू घेतली आहे आणि वर असे लिहिले आहे की, स्वर्गात पोचून डोळे उघडल्यावर ग्रेगरी यांना स्वतःच्या चुकीचे हसू आले. म्हणून संपादिकाबाईंना माझी विनंती आहे की, नाव कोणतेही द्या, पण 'पाचवी श्रेणी' असा आकडा मजकुरात कुठे असेल तर तो आधी काढा. दुसरे असे की, ग्रेगरी यांनी चमत्कार घडवण्याचे काम याच वर्गाकडे दिले आहे. तेव्हा सद्गुण नाहीच, पण नुसता पराक्रमही अपुरा पडतो. 'सामर्थ्ये' हा साधा शब्द मला पुरेसा वाटतो.

जुना मुद्रितशोधक :
'सामर्थ्ये' आणि 'सत्ता' शेजारी-शेजारी आल्या की वाचकाला दोन्ही एकच वाटतात, ही अडचण उरतेच. शिवाय 'सत्ता पंख पसरून उभ्या आहेत' हे तरी मराठी आहे का?

होकायंत्र :
का नाही? 'युरोपातील बड्या सत्ता' हा प्रयोग इतिहासाच्या पुस्तकांत सर्रास आहे. अमूर्त नावाने माणसाचा निर्देश करणे मराठीला मुळीच परके नाही. 'सरकार' हा माणूसही असतो, 'सातारची गादी' निर्णय घेते, आणि आमची आजी आजोबांविषयी 'स्वारी अजून उठलेली नाही' असेच म्हणत असे. ज्या भाषेत स्वारी जेवते, झोपते आणि रागावते, त्या भाषेत सिंहासनाने पंख पसरले तर बिघडले कुठे?

अमरपाठी :
मूळ प्रश्नातला पहिला शब्द सगळेच विसरले. इथे 'क्वायर'चा अर्थ गायकवृंद नव्हे. लॅटिन 'कोरुस' म्हणजे जथा, मेळा, रांगेने उभा असलेला समूह. गाणे हे त्याच्या अनेक कामांपैकी एक. आपल्याकडे यासाठी 'गण' हा नेमका शब्द तयार आहे. अमरकोशाच्या स्वर्गवर्गात गणदेवता मोजल्या आहेत : आदित्य, विश्व, वसु, तुषित, आभास्वर, अनिल, महाराजिक, साध्य आणि रुद्र. मोजून पाहा, बरोबर नऊ भरतात! लहानपणी पहाटे पाठ केलेला श्लोक असा अचानक फ्लॉरेन्समध्ये भेटेल असे वाटले नव्हते. 'देवदूतांचे नऊ गण' असे लिहावे आणि 'आभास्वर', 'तुषित' यांसारखी नावे थेट वापरता येतील का, याचाही विचार करावा.

वसईची वाचक :
'गण' चालेल, पण आभास्वर आणि तुषित मुळीच नकोत. नऊ आणि नऊ जुळले एवढ्याने दोन परंपरा एक होत नाहीत. आमच्या देवदूतांना उसनी नावे दिली तर तुमचाही वाचक फसेल आणि आमचाही.

अमरपाठी :
रागावू नये. फादर स्टीफन्स यांनी गोव्यात राहून मराठी ओव्यांमध्ये 'ख्रिस्तपुराण' रचले. १६१६ मध्ये ते छापले गेले, आणि त्यात स्वर्गाला त्यांनी बेधडक 'वैकुंठ' म्हटले आहे. चारशे वर्षांपूर्वी एका इंग्रज जेझुइटाला जे जमले, ते आपल्याला का जमू नये?

वसईची वाचक :
रागावले नाही, दादा. स्टीफन्स ज्यांच्यासाठी लिहीत होते त्यांच्या कानात पुराणे होती, म्हणून त्यांना वैकुंठ म्हणावे लागले. पुढे मराठी पवित्र शास्त्रात 'स्वर्ग' रुळला आणि आम्ही 'स्वर्ग'च म्हणतो. रूढी बदलली, एवढेच. गोव्यातल्या माझ्या मावशीकडे तर कोंकणीत देवदूताला 'आंज' म्हणतात, तो सरळ पोर्तुगीज शब्द आहे. तिला मी 'देवदूत' म्हटले की ती विचारते, 'हा कोण, तारवाला का?'

पालीवाचक :
खरे तर मला 'देवदूत' या शब्दाविषयीच बोलायचे आहे. महाभारतात मुद्गलाला न्यायला देवदूत विमान घेऊन येतो आणि स्वर्गारोहणपर्वात युधिष्ठिराला नरकाची वाट दाखवणाराही देवदूतच आहे, म्हणून हा शब्द ख्रिस्ती मिशनऱ्यांनी घडवला असे म्हणणारे चुकतात. पण पालीत अर्थ आणखी निराळा आहे. मज्झिमनिकाय या बौद्ध ग्रंथातल्या देवदूतसुत्तात यमराज पापी माणसाला विचारतो की, तुला देवदूत दिसले नाहीत का? आणि ते देवदूत म्हणजे तान्हे मूल, जर्जर म्हातारा, आजारी माणूस, शिक्षा भोगणारा गुन्हेगार आणि प्रेत. पंख नाहीत, वीणा नाही, दारातून आत येणारे म्हातारपण हाच दूत. आता वर्तमानपत्रात 'पुरात अडकलेल्यांसाठी जवान देवदूत ठरले' असे वाचले की मला आधी ते सुत्त आठवते आणि काळजी वाटते.

होकायंत्र :
'दूत' शब्दाने आणखी एक पेच होतो. ग्रीक 'आंगेलोस' आणि हिब्रू 'मलाख' या दोन्ही शब्दांचा अर्थ निरोप्याच आहे. परंतु संत ऑगस्टीन यांनी स्पष्ट केले आहे की, हे कामाचे नाव आहे, जातीचे नव्हे. निरोप नेताना तो दूत, एरवी तो आत्मा. दिओनिसियसच्या मांडणीत सराफीम देवाच्या सर्वांत जवळ असतात आणि निरोप पोचवण्याचे नेहमीचे काम तळच्या वर्गाकडे आहे. मग वरच्या आठांना आपण 'देवदूत' कोणत्या हिशेबाने म्हणतो?

जुना मुद्रितशोधक :
ज्या हिशेबाने साऱ्या महसूल खात्याला लोक 'तलाठी' म्हणतात त्याच हिशेबाने. आणि कोणी 'देवदूतांची उतरंड' लिहिण्याआधीच सांगून ठेवतो : उतरंडीत वरच्या मडक्यांचा भार खालच्यावर असतो. मी वाचले आहे त्याप्रमाणे दिओनिसियसच्या मांडणीत वरचा वर्ग आपल्याला मिळालेला प्रकाश खालच्याला देतो. 'हायरार्की'चा मूळ ग्रीक शब्द याच लेखकाने चलनात आणला आणि त्यात पावित्र्याचा अर्थ आहे. जातींच्या उतरंडीसाठी झिजलेला शब्द तिथे लावू नये.

यास्कसेवक :
उतरंडीविषयी सहमत आहे. मात्र 'सराफीम'विषयी कोणीच काही बोलले नाही, याचे आश्चर्य वाटते. बायबलमधल्या गणना या ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायात 'साराफ' हा शब्द इस्राएल लोकांना चावलेल्या आग्या सापांसाठी आला आहे. 'साराफ' आणि 'सर्प' : उच्चार पाहा, अर्थ पाहा. हा योगायोग असूच शकत नाही.

होकायंत्र :
असू शकतो आणि आहे. हिब्रूतल्या त्या धातूचा अर्थ जाळणे असा आहे, आणि 'सर्प' 'सृप्' म्हणजे सरपटणे या धातूपासून आला. दोन्ही भाषांची कुळेच वेगळी आहेत. असे जुळवायचे तर आपला दागिन्यांचा सराफही सराफीमांत जाऊन बसेल. तो अरबीतून आला आहे आणि त्याचा धातू तिसराच आहे.

जुना मुद्रितशोधक :
'सराफीमांत' हे कसले रूप? 'सराफीम' हेच हिब्रूतले अनेकवचन आहे, त्यावर पुन्हा मराठी अनेकवचनाचा अनुस्वार कशाला?

वसईची वाचक :
कारण मराठीत विभक्ती लावल्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही. 'करूबीमांनी' असे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो आहोत. राजा जेम्सच्या इंग्रजी बायबलातही 'चेरुबिम्स' असे दुहेरी अनेकवचन छापलेले आहे आणि त्याने कोणाची भक्ती उणी झाली नाही.

अर्धविराम :
सर्वांची आभारी आहे. 'गायकवृंद' काढून 'गण' घातले आणि पाचव्या श्रेणीचा आकडाही काढला. 'सद्गुण' काढून मी 'सामर्थ्ये' सुचवले होते. परंतु दरम्यान लेखकांनी ही सगळी चर्चा वाचली, यास्कसेवकांचा मुद्दा त्यांना विलक्षण आवडला आणि आता ते 'वीर्ये पंख पसरून उभी आहेत' या वाक्यावर अडून बसले आहेत. आता या शब्दाखाली रेघ ओढू की नको? मुद्रिते शुक्रवारी छापखान्यात जायची आहेत.

यास्कसेवक :
लेखकांना माझा नमस्कार सांगावा. होकायंत्र यांना मात्र विचारतो की, तो चावणारा साप आगीचाच का होता, याचे उत्तर त्यांनी अजून दिलेले नाही.