मावशीच्या घरपट्टीतली ४०% सवलत गेली आहे (पुणे), मदत हवी

मंडळी, जरा लांबण लागेल पण नीट सांगते. माझी मावशी ८२ वर्षांची, कोथरूडला ४८० स्क्वेअर फुटांच्या फ्लॅटमध्ये एकटी असते. काका गेले तरी बिल अजून त्यांच्याच नावाने येतं. स्वतः राहतो त्या घराला पुण्यात ४०% सवलत असते ना, ती त्यांना पहिल्यापासून होती, पण महापालिकेचा जीआयएस सर्व्हे (घरोघरच्या मिळकतींची नकाशावर नोंद) झाला तेव्हा मावशीचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं, दोघंही पाच महिने आमच्याकडे, घराला कुलूप, मग स्वतःचा वापर नाही अशी नोंद पडली आणि सवलत गेली.

२०२३ ला सरकारने सवलत परत दिली, त्यासाठी पीटी-३ (घरात स्वतः राहतो हे दाखवायचा महापालिकेचा फॉर्म) भरायचा होता, पण तोवर काका नव्हते, ही सगळी कागदपत्रं तेच बघायचे आणि मावशी तर अंथरुणाला खिळलेली. मला आत्ता बिल बघितल्यावर कळलं. दरवर्षी मे महिन्यात पहिल्या आठवड्यात रांगेत उभं राहून घरपट्टी भरणारी माणसं हो ही! मुंबईत ५०० फुटांपर्यंतच्या घराला १ जानेवारी २०२२ पासून घरपट्टी माफ आहे, तिथे असती तर हा प्रश्नच नव्हता.

तर आता आधी नाव बदलायचं की आधी पीटी-३? आणि मावशी जिना उतरू शकत नाही, माझ्या नावाने अधिकारपत्र चालेल का? कोणी केलंय का हे?

प्रतिसाद १: ताई, आईसाठी मी २०२३ मध्ये भरला होता. सोसायटीचं पत्र, मतदार ओळखपत्र, गॅसचं पुस्तक लावलं, फी २५ रुपये. ही सवलत वयावर नाही, राहण्यावर आहे, म्हणून तिथेच राहते याचे कागद जमवा, ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्डपण जोडा. पेठ निरीक्षकांना (महापालिकेच्या करखात्याचे त्या भागाचे अधिकारी) घरी येऊन बघा असा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आणि वाद चालू आहे म्हणून बिल थकवू नका, महिन्याला २% दंड चढतो.

धागाकर्ती: खूप आभार दादा, डिस्चार्ज कार्डाचं डोक्यातच नव्हतं, फाईलमध्ये आहे ते. सोसायटीच्या सेक्रेटरींना आजच फोन करते. नावाचं मात्र कोणीतरी सांगा, मृत्यूचा दाखला आहे पण मृत्युपत्र नाही, मावशीची मुलगी परदेशात असते, तिचं ना हरकत पत्र लागेल का?