एकही रहिवासी नसलेल्या फ्लरी गावाला महापौर कशासाठी?

प्रश्न: फ्रान्समधील व्हर्दं शहराजवळच्या फ्लरी-दव्हाँ-दुओमाँ या कम्यूनची (फ्रान्समधील सर्वांत लहान स्थानिक प्रशासकीय घटक) लोकसंख्या शून्य असूनही तिथे महापौर असतो, असे वाचले. हे कसे, जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १: आपण वाचलेत ते खरे आहे. म्यूज नदीच्या उजव्या बाजूच्या टेकड्यांवर हे शेतकऱ्यांचे गाव होते आणि १९१३ मध्ये तिथे ४२२ माणसे राहत होती. इथून व्हर्दंकडे उतरता येत असल्यामुळे पहिल्या महायुद्धात, १९१६ च्या जून ते ऑगस्टदरम्यान, ते फ्रेंच आणि जर्मन सैन्यांत १६ वेळा एकाकडून दुसऱ्याकडे गेले आणि अखेरीस भिंतीही उरल्या नाहीत. जमिनीत न फुटलेले तोफगोळे आणि मृतदेह एवढे होते, की पुन्हा वस्ती वसवलीच नाही.

उत्तर २: महापौराविषयी थोडी भर घालतो. युद्धात देशासाठी मरण पावलेल्या सैनिकांप्रमाणे हे गावही 'फ्रान्ससाठी मृत' मानले गेले, पण कम्यून रद्द झाली नाही. मतदारच नसल्याने महापौराची नेमणूक जिल्ह्याचा प्रीफे (सरकारने नेमलेला जिल्हाप्रमुख) करतो. कम्यून रद्द न करण्याचा हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो.

उत्तर ३: आज तिथे झाडीखाली तोफगोळ्यांनी पडलेले खड्डे एकमेकांना लागून आहेत. त्यांतून जाणाऱ्या पायवाटांवर कुठे कोणाचे घर होते, ते दाखवणाऱ्या खुणा रोवलेल्या आहेत.